मोटारीची वाढती तहान

मोटारगाडीची दुखणी दोन प्रकारची असतात. काही दुखणी अकस्मात येतात. पट्टा तुटतो, टायर फुटतो, बॅटरी मान टाकते आणि गाडी भर रस्त्यात उभी राहते. अशा वेळी संशयाला जागा उरत नाही. मिस्त्रीला बोलावणे जाते, मोडलेला भाग बदलला जातो आणि प्रकरण मिटते. दुसऱ्या प्रकारची दुखणी अंगात मुरत जातात. गाडी थांबत नाही, कुरकुरत नाही, रोजच्या वेळेला रोजच्या ठिकाणी मालकाला नेऊन पोचविते. मात्र पूर्वी जेवढ्या पेट्रोलवर ती हे काम करी, त्याहून थोड्या अधिक पेट्रोलवर करू लागते. गाडीचे ‘ॲव्हरेज’ उतरले, असे मालक म्हणतो. पण ते केव्हापासून उतरले आणि नेमके किती उतरले, हे विचारले तर त्याला उत्तर देता येत नाही. निदानाची खरी अडचण येथूनच सुरू होते.

हा फरक क्षुल्लक समजण्याचे कारण नाही. एखादी गाडी लिटरला १८ किलोमीटर जात होती आणि दोन वर्षांत ती १५ किलोमीटरांवर आली, असे धरू. ऐकताना फरक अवघ्या तीन किलोमीटरांचा वाटतो. परंतु शंभर किलोमीटरांना पूर्वी ५.५६ लिटर पेट्रोल लागत होते, तेथे आता ६.६७ लिटर लागते. म्हणजे खर्च २० टक्क्यांनी वाढला. भाड्याची गाडी रोज शंभर किलोमीटर चालविणाऱ्या माणसाचे, महिन्याचे २६ दिवस धरल्यास, सुमारे २९ लिटर पेट्रोल विनाकारण जळते. लिटरला शंभर रुपये भाव धरला तर ही रक्कम २,९०० रुपये होते, आणि ती त्याच्या घरखर्चातून वजा होते. देशाच्या दृष्टीने पाहिले तर भारत आपल्या गरजेच्या खनिज तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक तेल परदेशांतून आणतो. आणि जळणारे प्रत्येक लिटर पेट्रोल सुमारे २.३ किलोग्रॅम कर्बद्विप्राणिद वायू हवेत सोडते.

तहान वाढली की बहुतेक मालक जो उपाय करतात, तो आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी अशा थाटाचा असतो. कोणी प्लग बदलतो, कोणी इंजेक्टर धुऊन घेतो, कोणी टाकीत बाटलीतले औषध ओततो. दोनचार हजार रुपये खर्च होतात, आठवडाभर गाडी हलकी चालल्याचा भास होतो आणि महिन्याअखेर पुन्हा तीच तक्रार उभी राहते. रोग ओळखल्यावाचून औषध देण्याचा हा परिणाम होय.

प्रथम मापाची गोष्ट घेणे इष्ट. खर्च मोजण्याची खात्रीची रीत एकच आहे आणि ती जुनीच आहे. टाकी भरावी. पंपाची नळी पहिल्यांदा आपोआप बंद होईल तेथे थांबावे. कडेपर्यंत पेट्रोल ओतण्याचा आग्रह धरू नये. किलोमीटरचा आकडा टिपून ठेवावा. पुढच्या खेपेला शक्यतो त्याच पंपावर, त्याच रीतीने टाकी भरावी आणि किती लिटर बसले ते लिहावे. मात्र एका भरणीवरून निष्कर्ष काढू नये. नळी थोडी आधी किंवा थोडी नंतर बंद झाली तर एखाद्या लिटरचा फरक सहज पडतो, आणि ३० लिटरांत एक लिटर म्हणजे तीन टक्क्यांहून अधिक चूक झाली. ओळीने चार भरण्यांचे लिटर आणि किलोमीटर यांची बेरीज केली, तर मधल्या चुका परस्परांना खोडून काढतात व १२० लिटरांत एक लिटर एवढीच चूक शिल्लक राहते. ती एका टक्क्याच्याही आत येते.

नव्या गाड्यांत चालकासमोरच्या पडद्यावर ॲव्हरेजचा आकडा झळकतो. तो पाहण्यास हरकत नाही. मात्र तो कसा निघतो हे ध्यानात असावे. गाडीतील संगणक टाकीतले पेट्रोल मोजीत नाही. इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवला, यावरून किती पेट्रोल गेले असावे याचा तो अंदाज करतो. इंजेक्टर गळत असेल किंवा पेट्रोलच्या नळीला बारीक चीर गेली असेल, तर वाया जाणाऱ्या त्या पेट्रोलची पडद्याला वार्ताही नसते. म्हणून वहीतले गणित आणि पडद्यावरचा आकडा यांत पूर्वी नसलेली तफावत पडू लागली, तर ती तफावत हाच एक महत्त्वाचा पुरावा असतो.

किलोमीटर मोजणारे यंत्रही सर्वस्वी निर्दोष नसते. ते चाकाचे फेरे मोजते, रस्ता मोजीत नाही. नव्या टायरची नक्षी सुमारे आठ मिलिमीटर खोल असते. ती झिजून दोन मिलिमीटर उरली, तर टायरचा व्यास बारा मिलिमीटरांनी घटतो. सहाशे मिलिमीटर व्यासाच्या चाकात ही घट दोन टक्के झाली. झिजलेले चाक तेवढ्याच रस्त्यावर अधिक फेरे घेते, आकडा फुगतो आणि ॲव्हरेज आहे त्याहून चांगले दिसते. नवे टायर घातल्यावर हा फुगवटा जातो, आणि गाडीत काहीही बिघडलेले नसताना ॲव्हरेज दोन टक्क्यांनी पडल्यासारखे वाटते. शंका असेल तर महामार्गावरील किलोमीटरचे दगड साक्षीला आहेतच. दहावीस किलोमीटर जाऊन यंत्राचा आकडा त्यांच्याशी ताडून पाहावा.

तुलना कशाशी करावयाची, हाही प्रश्न महत्त्वाचा आहे. गाडी विकत घेताना सांगितला जाणारा अधिकृत आकडा प्रयोगशाळेत निघतो. पुण्यात १९६६ साली स्थापन झालेल्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडियासारख्या संस्थेत गाडी रुळांवर उभी करून ठरलेल्या वेगाने, ठरलेल्या क्रमाने चालविली जाते. निरनिराळ्या गाड्यांची परस्परांशी तुलना करण्यास हा आकडा उपयोगी पडतो. पण रस्त्यावरील गाडीने तो गाठला नाही, एवढ्यावरून ती आजारी ठरत नाही. गाडीची खरी तुलना तिच्या स्वतःच्या गतकाळाशीच होऊ शकते. शेजाऱ्याच्या गाडीशीही ती करू नये, कारण शेजाऱ्याचा रस्ता वेगळा आणि पायही वेगळा.

माप पक्के झाल्यावर गाडीच्या आधी माणसाची चौकशी करावी. दोन वर्षांत तिचा वापर बदलला आहे काय? पूर्वी तीस किलोमीटरांवरच्या कचेरीत जाणारी गाडी आता तीन किलोमीटरांवरच्या शाळेपर्यंतच जात असेल, तर खर्च वाढणारच. थंड इंजिनाला अधिक पेट्रोल लागते आणि एवढ्या अंतरात ते पुरते तापतही नाही. दिल्लीच्या किंवा इंदूरच्या जानेवारीत हा परिणाम अधिक जाणवतो. सिग्नलपाशी वा रेल्वेच्या फाटकापाशी गाडी नुसती चालू ठेवली, तरी लहानमोठ्या इंजिनाप्रमाणे तासाला सुमारे अर्धा ते एक लिटर पेट्रोल जाते. शहरातील गर्दी वर्षागणिक वाढत असेल तर तीही ॲव्हरेजमधून आपला वाटा काढून घेते. उन्हाळ्यात वातशीतक यंत्र चालते. सहलीसाठी टपावर लावलेले कॅरिअर सहल आटोपल्यावरही तेथेच राहते आणि महामार्गावर वाऱ्याला अडवीत असते.

माणसानंतर इंधनाचा विचार करावा लागतो, कारण पंपावर मिळणारे पेट्रोल पूर्वीचे राहिलेले नाही. उसाच्या रसापासून, मळीपासून आणि धान्यापासून तयार होणारे इथेनॉल त्यात मिसळले जाते. महाराष्ट्रातील साखर कारखान्यांचा या पुरवठ्यात मोठा भाग आहे. देशातील पेट्रोलमध्ये सरासरी दहा टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट जून २०२२ मध्ये गाठले गेले. वीस टक्के मिश्रणाचे पेट्रोल फेब्रुवारी २०२३ पासून निवडक पंपांवर मिळू लागले आणि २०२५ पर्यंत ते देशभर पसरले. एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलच्या सुमारे दोनतृतीयांश एवढीच ऊर्जा असते. म्हणजे मिश्रण दहा टक्क्यांवरून वीस टक्क्यांवर गेले की प्रत्येक लिटरमधील ऊर्जा साडेतीन टक्क्यांच्या आसपास कमी होते. निती आयोगाच्या २०२१ सालच्या अहवालात यासंबंधी अंदाज दिलेले आहेत. मूळ शुद्ध पेट्रोलसाठी बनविलेल्या व दहा टक्के मिश्रणासाठी जुळविलेल्या चारचाकी गाड्यांत सहा ते सात टक्के, तर दहा टक्के मिश्रणासाठी बनवून वीस टक्क्यांसाठी जुळविलेल्या गाड्यांत एक ते दोन टक्के घट अहवालाने अपेक्षिली होती. हे मिश्रण पंपामागून पंप पसरत गेल्याने अनेकांना ॲव्हरेजही हळूहळूच उतरलेले दिसले. या घटीवर मिस्त्रीपाशी उपाय नाही. ती हिशोबातून बाजूला काढावी आणि उरलेल्या वाढीचाच शोध घ्यावा. तथापि वीस टक्क्यांची सगळी वाढ इथेनॉलच्या माथी मारून स्वस्थ बसणेही चुकीचे होय.

यानंतर गाडीची पाळी येते. पेट्रोल जळून जी ऊर्जा निर्माण होते, तिच्यातील ढोबळमानाने १२ ते ३० टक्केच भाग गाडी पुढे नेण्याच्या कामी येतो. बाकीची मुख्यतः उष्णतेच्या रूपाने निघून जाते. तेव्हा खर्च वाढण्याची कारणे दोनच ठिकाणी असू शकतात. एक तर चाके फिरविण्यास पूर्वीपेक्षा अधिक जोर लागत असेल, किंवा तेवढाच जोर निर्माण करण्यास इंजिन अधिक पेट्रोल घेत असेल. दोष रस्त्याकडे आहे की इंजिनाकडे, हे आधी ठरविले तर निम्मा शोध वाचतो.

त्यासाठी एक सोपी चाचणी आहे. पहाटेच्या वेळी, वारा पडलेला असताना, सपाट आणि निर्मनुष्य रस्त्यावर गाडी ताशी ५० किलोमीटर वेगाला आणावी, गिअर न्यूट्रलमध्ये टाकावा आणि वेग २० पर्यंत उतरण्यास किती सेकंद लागतात ते शेजारी बसलेल्या माणसाने मोजावे. इंजिन मात्र चालूच ठेवावे, कारण ते बंद केल्यास ब्रेक आणि स्टिअरिंग जड होतात. तीच चाचणी उलट दिशेने करावी, म्हणजे रस्त्याचा अदृश्य उतार हिशोबातून निघून जातो. गाडी चांगली असताना हा आकडा टिपून ठेवलेला असेल तर उत्तमच. नसेल तर तशाच दुसऱ्या गाडीशी, तेवढीच माणसे बसवून, तुलना करता येते. गाडी पूर्वीपेक्षा लवकर मंदावत असेल तर दोष चाकांकडे, टायरांकडे किंवा ब्रेककडे आहे. ती पूर्वीइतकीच धावत राहत असेल तर इंजिनाकडे वळावे.

चाकांकडील कारणांत टायरमधील हवा पहिली. दर चौरस इंचास एक पौंड दाब कमी झाला तर खर्च सुमारे ०.२ टक्क्यांनी वाढतो, आणि धड टायरमधूनही महिन्याला साधारण एवढा दाब आपोआप कमी होतो. वर्षभर हवा पाहिली नाही व दाब दहा पौंडांनी उतरला, तर वाढ दोन टक्क्यांची झाली. हवा कमी असणे टायरच्या आयुष्याला आणि प्रवाशांच्या सुरक्षिततेला घातक आहेच. पण वीस टक्क्यांचे कोडे तिने एकटीने सुटत नाही. हवा सकाळी, गाडी फार न चालविता तपासावी, कारण तापलेला टायर दाब अधिक दाखवितो.

ब्रेक घट्ट राहणे हे त्याहून मोठे आणि हमखास नजरेआड होणारे कारण होय. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात आणि समुद्राकाठच्या शहरांत, ब्रेकच्या खिळींना गंज चढतो. पाय उचलल्यावरही ब्रेकची गादी तबकडीला घासत राहते. गाडी चालविणाऱ्याला ओढ जाणवत नाही, कारण ती रोज थोडीथोडीच वाढते. ब्रेक फारसा न लावता दहा किलोमीटर चालवून गाडी उभी करावी आणि चारही चाकांजवळ हात नेऊन पाहावे. तबकडीला मात्र स्पर्श करू नये. एक चाक त्याच्या जोडीच्या चाकापेक्षा ठळकपणे गरम लागले, तर चोर तेथेच सापडला. जॅकवर उचलून ते चाक हाताने फिरविले की खात्री पटते. चाकांची दिशा बिघडली असेल तर टायरची एकच कड झिजलेली दिसते, आणि तीही चाकांना ओढून धरते.

इंजिनाकडील शोध अधिक नाजूक आहे. पेट्रोलच्या ज्वलनास वजनाने एका भागास सुमारे १४.७ भाग हवा लागते. कार्ब्युरेटरच्या काळात हे प्रमाण मिस्त्रीच्या पेचकसावर आणि कानावर अवलंबून असे. आता धूर वाहून नेणाऱ्या नळीत बसविलेला प्राणवायूचा सेन्सर ते पाहतो. १९७६ साली स्वीडनच्या व्हॉल्व्हो गाड्यांत तो प्रथम आला. धुरात प्राणवायू उरला असेल तर तो संगणकाला पेट्रोल वाढविण्याची सूचना देतो. उरला नसेल तर कमी करण्याची. हा सेन्सर वयोमानाने मंद होतो. तो पुरता मेला तर धोक्याचा दिवा लागतो. नुसता म्हातारा झाला तर बराच काळ दिवा लागत नाही. संगणक त्याच्यावर विश्वास ठेवून पेट्रोल जास्त देत राहतो. सेन्सरच्या अलीकडे धुराच्या नळीला भोक पडले तरी असेच घडते. बाहेरची हवा आत शिरते, सेन्सरला प्राणवायू जास्त दिसतो आणि निष्कारण पेट्रोल वाढते. येथे सेन्सर बदलला तर चोर सोडून संन्याशाला सुळी दिल्यासारखे होईल.

दुसरा संशयित थर्मोस्टॅट. इंजिन साधारण ८० ते ९० अंश सेल्सिअसपर्यंत तापेतो ही झडप रेडिएटरकडे जाणारे पाणी अडवून धरते. ती उघडीच राहिली तर पाणी पहिल्यापासून रेडिएटरमध्ये फिरते, इंजिन कोमट राहते, आणि ते अजून थंडच आहे अशा समजुतीने संगणक अधिक पेट्रोल पाठवितो. आपल्या उष्ण देशात थर्मोस्टॅट कशाला हवा, असे म्हणून काही गॅरेजांत तो काढूनही टाकतात. त्याचा परिणाम हाच होतो. सकाळी गाडी सुरू केल्यावर रेडिएटरची वरची नळी काही मिनिटे थंड राहून मग एकदम गरम झाली पाहिजे. ती पहिल्यापासून हळूहळू कोमट होत गेली, तर थर्मोस्टॅट उघडा राहिला आहे असे समजावे. पंख्यापासून हात मात्र दूर ठेवावा.

हवेच्या गाळणीविषयी एक समज दूर करणे अवश्य आहे. गाळणी तुंबली की पेट्रोल वाढते, हे कार्ब्युरेटरच्या ॲम्बॅसडर व पद्मिनी गाड्यांच्या बाबतीत खरे होते. इंजेक्शनच्या गाड्यांत संगणक आत आलेल्या हवेच्या मानानेच पेट्रोल देतो. अमेरिकेतील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ साली प्रसिद्ध केलेल्या चाचण्यांत, तुंबलेल्या गाळणीने अशा गाड्यांचा जोर घटला, परंतु पेट्रोलच्या खर्चात लक्षणीय वाढ झाली नाही, असे आढळले. गाळणी वेळेवर बदलावीच, पण ॲव्हरेज वाढेल या आशेने नव्हे.

प्लग मात्र खोलून पाहण्यासारखे असतात. टोकाला फिकट तपकिरी रंग असेल तर ज्वलन ठीक आहे. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जात आहे. चारांपैकी एकच प्लग काळा असेल, तर दोष त्या एकाच सिलिंडरचा, बहुधा गळक्या इंजेक्टरचा किंवा अशक्त ठिणगीचा, समजावा. चारही काळे असतील तर सेन्सर, थर्मोस्टॅट किंवा पेट्रोलचा दाब यांकडे पाहावे. चढावर इंजिनाचे फेरे वाढतात पण वेग वाढत नाही, असे दिसल्यास क्लच घसरत आहे. हे सर्व ठीक असूनही खर्च वाढलेला असेल, तर प्रत्येक सिलिंडरमधील दाब मोजून घ्यावा. झिजलेल्या रिंगा आणि न मिटणाऱ्या झडपा तेथे उघड्या पडतात. डिझेलच्या नव्या गाड्यांत धुरातील काजळी अडविणारी गाळणी असते. गाडी फक्त जवळच्या खेपाच करीत असेल तर ती काजळी जाळण्यासाठी वारंवार जादा डिझेल खर्ची पडते.

आता मूळच्या उदाहरणाचा हिशोब जुळवून पाहता येतो. वाढ २० टक्क्यांची होती. तीतील साडेतीन टक्के इथेनॉलचे, दोन टक्के टायरमधील कमी हवेचे, दोन टक्के नव्या टायरांमुळे बदललेल्या मापाचे, असे धरले तर आठ टक्क्यांच्या आसपास उलगडा झाला. उरलेले अकरा-बारा टक्के मात्र एखाद्या घट्ट ब्रेकने, उघड्या थर्मोस्टॅटने किंवा म्हाताऱ्या सेन्सरने खाल्ले असले पाहिजेत, आणि वरील चाचण्या त्याचेच नाव सांगतील. मुरलेल्या दुखण्याचे स्वरूप बहुधा असेच असते. लहान कारणे चारपाच असतात व त्यांच्या आडोशाला एक मोठे कारण लपलेले असते. लहान कारणांची वजाबाकी केल्याखेरीज मोठे कारण दिसत नाही.

म्हणूनच दुरुस्ती करताना एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि पुढच्या दोनतीन भरण्यांचे आकडे पाहूनच दुसऱ्या गोष्टीला हात घालावा. चार भाग एकदम बदलले तर कशाने गुण आला ते कधीच कळत नाही. पेट्रोल जास्त जात आहे असे ठरल्यावर चालढकलही करू नये. न जळलेले पेट्रोल धूर शुद्ध करणाऱ्या महागड्या कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळते आणि त्याला निकामी करते. अशा वेळी काही शेकडा रुपयांच्या दोषापायी कित्येक हजारांचा भाग गमवावा लागतो. पेट्रोलचा वास येत असेल तर मात्र चाचण्यांची वाट न पाहता गाडी उभी करावी, कारण तेथे प्रश्न ॲव्हरेजचा नसून आगीचा असतो.

या सर्व शोधाला लागणारे साधन म्हणजे गाडीच्या कप्प्यात ठेवलेली एक वही आणि पेन्सिल. तारीख, किलोमीटर, लिटर, टायरची हवा आणि केलेली दुरुस्ती, एवढे पाच रकाने तीत पुरेत. ही वही जो पहिल्या दिवसापासून लिहितो, त्याला आपल्या गाडीची तहान कोणत्या महिन्यात वाढू लागली हे बोट ठेवून दाखविता येते. आणि मिस्त्रीलाही मग अंदाजाने भाग बदलण्याचे कारण उरत नाही.